संकल्प सगळ्यात शेवटी: मनातल्या ओढी देवापुढे मांडायची पद्धत

मंगळवारी इंत्रूज, म्हणजे गोव्याचा कार्निव्हल, संपतो, बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लागते आणि त्याच संध्याकाळी घरोघरी संकल्प सुटतात. फेणी बंद. मांस-मासळी बंद. इन्स्टाग्राम बंद. सासूशी वाद बंद. दुसरा आठवडा उलटेपर्यंत यातले बरेचसे मोडतात. उरलेले दातओठ खात ईस्टरपर्यंत ओढले जातात आणि ईस्टरच्या दुपारी सोरपोतेलाबरोबर (डुकराच्या मांसाचं मसालेदार कालवण) सगळं व्याजासकट परत येतं.

असे संकल्प करणारे लोक आळशी नसतात आणि ढोंगी तर मुळीच नसतात. त्यांचा क्रम चुकतो. ते आधी संकल्प करतात आणि मनात काय चाललंय हे नंतर, जमलंच तर, बघतात. त्यामुळे नेमकं काय सोडायचं हे कळायच्या आतच काहीतरी सोडून मोकळे होतात. या लेखातला क्रम उलटा आहे. आधी बघायचं, मग वेगळं करायचं, मुळाशी जायचं, देवापुढे मांडायचं, रिकामी झालेली जागा भरायची आणि संकल्प त्याच्याही नंतर.

घरी मराठी पवित्र शास्त्र वाचणारी आणि रविवारी चर्चमध्ये कोंकणी मिस्सेला (उपासनेला) बसणारी पुष्कळ कुटुंबं गोव्यात आहेत. कुणी कुडाळ-सावंतवाडीकडून आलेलं, कुणी बेळगावकडून, कुणी लग्न होऊन. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधलीही आहेत. पद्धत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दोघांनाही चालते. जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

वेळेचा हिशेब आधी बघून घ्या. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात, रविवार वगळले की ४०. खाली दिलेल्या सहा पायऱ्यांना साधारण एकेक आठवडा धरला तर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, आपल्याकडच्या कॉरेज्मात, हे काम बरोबर बसतं. वर्षात इतर वेळीही करता येईल. पण जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताआधी होणाऱ्या नोव्हेनात, २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर या नऊ दिवसांत, हे सगळं कोंबायचा प्रयत्न करू नका. नोव्हेना चौथ्या पायरीसाठी उत्तम आहे, पण पूर्ण वाटचालीला ती पुरत नाही.

तयारी: ही आठवडाभर आधीच करा

शाळेची साधी शंभरपानी वही घ्या. फोनवर लिहू नका. फोन हातात घेतला की ज्या ओढीबद्दल लिहायचं तीच ओढ नोटिफिकेशन होऊन समोर उभी राहते.

वही कुणाच्या हाती लागू शकते, याचा विचार पहिल्याच दिवशी करा. दोन खोल्यांच्या घरात सासू, नणंद आणि मुलं असतात. तिथे वही उघडी पडायला वेळ लागत नाही, आणि ती भीती असली की माणूस खोटं लिहितो. दुसऱ्यांची नावं लिहू नका, खुणा वापरा. काम झाल्यावर पानं जाळून टाकली तरी काही बिघडत नाही.

रोज पंधरा मिनिटं लागतील. तेर्स (संध्याकाळची जपमाळेची प्रार्थना) संपल्यावर, जेवणाच्या आधी, ही वेळ बहुतेकांना जमते. अंथरुणात पडून हे करू नका. तिथे दोनच गोष्टी होतात, झोप लागते किंवा झोप उडते.

एक माणूस ठरवून ठेवा. फादर, सिस्टर, पाळक किंवा विश्वासात मुरलेला एखादा वडीलधारा. तुमच्या निर्णयात ज्याचा फायदा-तोटा अडकलेला आहे असा माणूस नको. वडिलोपार्जित भाट (माडांची बाग) विकावं की नाही ही घालमेल असेल आणि सल्लागार जमिनीची दलाली करणारा चुलतभाऊ असेल, तर तो कितीही प्रार्थनाशील असला तरी या कामाचा नाही.

*सुरू करण्याआधी थांबा:* घरात नुकतंच कुणी गेलं असेल, महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर ही वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे. तसंच, आधीच तासन्‌तास स्वतःची पापं मोजत बसायची सवय असेल, एकच गोष्ट कुमसारात (फादरपुढे पापं कबूल करताना) पुन:पुन्हा सांगूनही समाधान होत नसेल, तर एकट्याने हे करू नका. तुमच्यासाठी रोजची तपासणी कमी व्हायला हवी, वाढायला नको.

पायरी १: आठवडाभर फक्त बघा

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. हीच सगळ्यात अवघड अट आहे.

रोज संध्याकाळी बसायचं ते या क्रमाने:

१. देवाला सांगा की तूच दाखव. स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं (२३ आणि २४) याचसाठी आहेत. स्वतःच्या हुशारीवर सुरुवात केली की दहा मिनिटांत वकिली सुरू होते, कधी स्वतःच्या बाजूने, कधी विरुद्ध.

२. दिवसातल्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार माना. नेमक्या गोष्टी घ्या. "सगळ्यासाठी धन्यवाद" हे कशासाठीच धन्यवाद नसतात.

३. सकाळी पोदेरच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोंपों भोंग्यापासून आतापर्यंतचा दिवस डोळ्यांपुढून जाऊ द्या. मन जिथे जोरात ओढलं गेलं तिथे थांबा. कशाकडे तरी, किंवा कशापासून तरी दूर.

४. ते लिहा. एक-दोन ओळी पुरेत.

५. चुकलं असेल तिथे क्षमा मागा, उद्यासाठी साहाय्य मागा आणि उठा.

जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याच्या परंपरेत रोजची तपासणी साधारण अशीच शिकवतात. त्यांच्या क्रमात आभार पहिले येतात. मी दिलेला क्रम थोडा वेगळा आहे, कारण आपल्याकडे लोक आभार घाईत उरकतात. पाचवा भाग लांबवू नका. बहुतेकांची गाडी तिथेच रुतते आणि तिसरा-चौथा राहून जातो.

कसं लिहायचं, हे एका पानावरून बघा.

चुकीची नोंद: *"आज मी मत्सर केला. मी फार वाईट आहे. देवा, मला बदल."*

कामाची नोंद: *"दु. ३. ऑफिस. 'म'ने नव्या गाडीचा फोटो टाकला. अंगठा वर केला. पोटात आवळलं. नंतर तासभर कर्जाचे व्याजदर बघत बसलो. घरी आल्यावर मुलीवर ओरडलो, कारण नव्हतं."*

दुसऱ्या नोंदीत स्वतःवर एकही शेरा नाही, तरी तिच्यात पुढच्या पाच आठवड्यांचं काम आहे. वेळ, जागा, शरीरात काय झालं आणि नंतरच्या तासात काय घडलं, एवढंच लिहा. "नंतर काय" हा रकाना कधीही रिकामा ठेवू नका. दुसरी पायरी पूर्ण त्याच्यावर उभी आहे.

*तपासा:* आठवडा संपल्यावर वही चाळा. सगळ्या नोंदी पापांच्याच असतील तर तुम्ही फक्त पापं शोधत होता. कुणाला मदत करावीशी वाटली, एकटं बसून गावंसं वाटलं, आईला फोन करावासा वाटला, याही ओढीच आहेत. त्या दिसायला हव्यात. त्या दिसत नसतील तर आणखी चार दिवस इथेच थांबा.

पायरी २: वेगळं करा आणि एकच निवडा

आता प्रत्येक नोंदीपुढे खूण करायची. ओढ चांगली आहे, चांगली असून जागा किंवा माप चुकलेली आहे, की सरळ घातक आहे? बहुतेक नोंदी मधल्या गटात पडतात. लोकांना ते आवडत नाही, कारण पांढरं आणि काळं हाताळायला सोपं असतं.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एक चूक करतो. शरीराची ओढ म्हणजे वाईट आणि देवळातली ओढ म्हणजे चांगली, असं धरून चालतो. नवराबायकोची एकमेकांबद्दलची ओढ तिसऱ्या गटात टाकली जाते. आणि फेस्ताचं (चर्चच्या सणाचं) यजमानपद या वर्षी आपल्याच घराकडे यावं, गायनवृंदात सोलो आपल्यालाच मिळावा, सायबिणीच्या (घरोघरी नेल्या जाणाऱ्या मरियेच्या मूर्तीच्या) भेटीला आपल्या घरची आरास वाड्यात उठून दिसावी, या ओढी डोळे झाकून पहिल्या गटात जातात. मार्क ७:२१-२३ मधली यादी वाचा. तिथे व्यभिचाराच्याच रांगेत अहंकार आणि हेवा बसलेले आहेत.

मग ओळखायचं कशावरून? ओढ असताना काय वाटलं यावरून नव्हे, ओसरल्यावर काय उरलं यावरून. १५२१ साली पॅम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडून लोयोलाचा इग्नेशियस अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याला हेच उमगलं. शौर्याची आणि मानमरातबाची स्वप्नं रंगवताना मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याची स्वप्नं रंगवली की नंतरही समाधान टिकायचं. पुढे संत फ्रान्सिस झेवियर त्याचा सोबती झाला, हे गोव्यात कुणाला सांगायला नको. तुमच्या वहीतला "नंतर काय" हा रकाना या एकाच कसोटीसाठी भरला आहे.

आता एकच ओढ निवडा. सगळ्यात मोठी किंवा सगळ्यात लाजिरवाणी नको. सगळ्यात जास्त वेळा आलेली निवडा. मोठ्या पापाला हात घालायचा मोह होईल, कारण त्यात शौर्य वाटतं. पण आठवड्यात पाच वेळा येणारी ओढच तुमचं आयुष्य चालवत असते.

*सावधान:* दारू, मटका, मांडवीतल्या कॅसिनोंची वारी, मोबाइलवरचा जुगार, अश्लील चित्रफिती यांपैकी काही हाताबाहेर गेलं असेल, तर ते व्यसन आहे. ते या पद्धतीने एकट्याने सोडवू नका. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका गोव्यात होतात, डॉक्टर आहेत. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून "राखेच्या बुधवारपासून एक थेंब नाही" हा संकल्प डॉक्टरांना न विचारता करूच नका. उपचार घेताना प्रार्थना चालूच राहते, त्यात विरोध काही नाही.

पायरी ३: ओढीच्या मुळाशी उतरा

याकोबाच्या पत्रात (१:१४-१५) क्रम स्पष्ट दिला आहे. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, वासना गर्भवती होते, मग पापाचा जन्म होतो. आपण बहुधा जन्मलेल्या पापाशी झगडत बसतो. ही पायरी त्याच्या मागे जायची आहे.

साधन एकच प्रश्न आहे: "मग काय होईल?" निवडलेली ओढ पुरी झाली असं धरा आणि हा प्रश्न विचारा. आलेल्या उत्तरावर तोच प्रश्न पुन्हा.

समजा, डिचोलीतली एक बाई आहे. तिचा दीर पोर्तुगीज पासपोर्ट काढून, ब्रेक्झिटच्या आधीच, सहकुटुंब इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. हिच्या वहीत एक गोष्ट जवळपास रोज आहे: नवऱ्यानेही कागद करावेत, आणि तो करत नाही म्हणून होणारी धुसफुस. ती सिस्टरकडे जाऊन बसते.

"कागद झाले. मग काय होईल?"

"मुलांचं शिक्षण चांगलं होईल, सिस्टर."

"इथे त्यांचं शिक्षण अडलंय का?"

"नाही तसं. थोरली पहिली येते वर्गात."

"मग तिकडे गेल्यावर काय होईल?"

"जाऊबाई सुट्टीला येतात ना, तेव्हा सासूबाई त्यांनी आणलेली चॉकलेटं अख्ख्या वाड्यात दाखवत फिरतात. म्हणतात, माझ्या सुनेने आणली."

"तुमचं काय दाखवतात?"

"माझं काय दाखवणार? त्यांची साखर तपासणं, इंजेक्शन, पथ्याचं जेवण, रात्री उठून बघणं. हे कुणाला दिसतं का?"

इथे थांबायचं. पासपोर्टची ओढ वर होती. खाली होतं ते हे की आपण करतो ते कुणीतरी बघावं. या इच्छेत पाप काही नाही. ती इतकी जुनी आहे की अब्राहामाच्या घरातली दासी हागार हिने रानात देवाला जे नाव दिलं तेच मुळी "पाहणारा देव" (उत्पत्ती १६:१३).

किती खोल उतरायचं? उत्तर असं झालं की देवाकडे ते न लाजता मागता येईल, तिथे थांबा. बहुतेक ओढी चार-पाच प्रश्नांत तिथे पोचतात. पहिलं उत्तर मात्र कधीच खरं मानू नका. "मुलांसाठी", "कुटुंबासाठी", "देवाच्या गौरवासाठी" ही उत्तरं तोंडात तयारच असतात.

*सावधान:* खाली उतरताना कधीकधी अन्याय सापडतो. या बाईच्या बाबतीत सापडलाच, आजारी माणसाचा सगळा भार एकटीवर आहे. तसं दिसलं तर ते फक्त देवाला सांगून थांबू नका. नवऱ्याशी बोला, कामं वाटून घ्या. आणि घरात मारहाण होत असेल, तर "सहनशक्ती दे" ही या वहीतली प्रार्थना नव्हेच. आधी सुरक्षित जागा, मग बाकी सगळं.

पायरी ४: जसं आहे तसं मागा

आता प्रार्थना. सगळे इथूनच सुरुवात करतात, म्हणून त्यांची प्रार्थना वरवरची होते. तुमच्या हातात आता मागायला नेमकं काहीतरी आहे.

आंधळा बार्तीमय ओरडत होता तेव्हा त्याला काय हवंय ते कुणालाही दिसत होतं. तरी येशूने विचारलं, तुझ्यासाठी मी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? (मार्क १०:५१). बेथेस्दाच्या तळ्याकाठी ३८ वर्षं आजारी असलेल्या माणसालाही विचारलं, तुला बरं व्हायचंय का? (योहान ५:६). म्हणजे इच्छा तोंडाने बोलणं हा कामाचाच भाग आहे.

आठवडाभर रोज याच क्रमाने मागा. पहिल्यांदा वरची इच्छा, जशी आहे तशी: "नवऱ्याने कागद करावेत असं मला वाटतं." मग खालची: "मी जे करते ते कुणीतरी बघावं असं मला वाटतं." मग दोन-तीन मिनिटं गप्प बसा. आणि सगळ्यात शेवटी, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो."

हे शेवटचं वाक्य लोक पहिल्यांदाच म्हणून टाकतात. त्यात नम्रता दिसते, पण बऱ्याचदा ती पळवाट असते. मागितलंच नाही म्हणजे नकार पचवायला नको. गेथशेमानेत येशूने आधी स्वतःला काय हवं ते सांगितलं, प्याला टळून जावा असं, आणि मग पित्याची इच्छा पुढे ठेवली (मत्तय २६:३९). तेही तीनदा. तुम्हालाही एका संध्याकाळीत जमणार नाही.

भाषेबद्दल एक सूचना. चर्चमधल्या प्रार्थना कोंकणीत पाठ असतात, करिस्मॅटिक सभेत इंग्रजीत हात वर होतात, आणि घरी भांडण मराठीत होतं. ही प्रार्थना भांडणाच्या भाषेत करा. "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या" असं सुरू झालात की पुढचं सगळं त्याच पट्टीत जातं आणि जाऊबाईंच्या चॉकलेटांचा उल्लेख करायला जीभ रेटत नाही.

*तपासा:* आठवड्याच्या शेवटी ती ओढ गेलेली नसेल. जायला नकोच आहे. बघायचं एवढंच की ती आली तेव्हा तुम्हाला ती लवकर ओळखता आली का. आधी भांडण झाल्यावर कळत होतं आणि आता पोटात आवळतानाच कळतंय, तर पुढे चला.

पायरी ५: रिकामी जागा भरा

मत्तय १२:४३-४५ मधला दाखला नीट वाचा. अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडून-लोटून रिकामं ठेवलं जातं, आणि तो आपल्याहून वाईट अशा सात जणांना घेऊन परत येतो. ईस्टरच्या दुपारी जे होतं ते हेच. नुसतं बंद केलेलं काहीही टिकत नाही. पौल इफिसकरांना लिहितो त्यातही (४:२८) चोराने चोरी सोडावी एवढ्यावर तो थांबत नाही. हातांनी कष्ट करावेत आणि गरजवंताला द्यावं, इथवर नेतो.

म्हणून एक छोटी कृती ठरवा. ती मुळातल्या इच्छेला उत्तर देणारी हवी. वरवरच्या ओढीच्या नुसत्या उलट असलेली कृती फार पुढे नेत नाही. डिचोलीच्या बाईने "पासपोर्टचा विषय काढणार नाही" असं ठरवलं, तर ती तापावर गोळी झाली, आजार आत तसाच. तिची कृती अशी असू शकेल: कुणाच्या नजरेत न येणारं काम करणाऱ्या एका माणसाला रोज तसं बोलून दाखवायचं. कचरा उचलणारी बाई, भर पावसात पाव घेऊन येणारा पोदेर, शाळेच्या रिक्षाचा चालक. ज्याची आपल्याला भूक आहे ते दुसऱ्याला वाढायला लागलं की मनाची पकड सैल होते. का होते ते नेमकं सांगता येत नाही, पण होते.

पैशाची धास्ती मुळाशी असेल तर दर आठवड्याला ठरावीक छोटी रक्कम, कुणाला न सांगता, द्या. आपलं म्हणणं कुणी ऐकत नाही ही सल असेल तर रोज दहा मिनिटं दुसऱ्याचं मध्ये न बोलता ऐका. कृती एवढी लहान हवी की पगार उशिरा झालेल्या, गाडी बंद पडलेल्या, मूल तापलेल्या दिवशीसुद्धा ती होईल. चांगल्या दिवसावर बेतलेली कृती तिसऱ्या दिवशी बुडते.

उपवासाची जागाही इथेच आहे. कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन दिवस १८ ते ५९ वयात उपवास बंधनकारक आहे: एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडं. आजाऱ्यांना आणि गरोदर बायकांना सूट आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण टाळू नये. पण उपवास हा गुण मिळवायचा पेपर नव्हे. पोट रिकामं असलं की आत दडलेलं वर येतं. उपवासाच्या दुपारी कुणावर आणि कशावरून खेकसलात ते वहीत लिहा, बराच मालमसाला मिळेल. मटण सोडून त्या जागी इसवण या महागड्या माशाची आमटी-तळण करणाऱ्यांना मी काही बोलत नाही. नियमात ते बसतं.

पायरी ६: कुमसार, आणि मग संकल्प

आता तुम्हाला काय सांगायचंय ते माहीत आहे, म्हणून कुमसार इथे. पवित्र आठवड्याच्या रांगेत उभे राहू नका. मागे वीस माणसं असली की तुम्हीही यादी वाचून मोकळे होता आणि फादरही. आधीच्या आठवड्यात कामाच्या दिवशी जा, किंवा वेळ मागून घ्या.

सांगताना दोन गोष्टी जोडून सांगा, काय केलं आणि ते कुठून येतंय. "फादर, घरात सतत भांडण काढते. जाऊबाईंचा मत्सर करते. मला वाटतं मुळात माझं काम कुणी बघत नाही हे मला खुपतंय." तीन वाक्यं झाली. सासूचं वागणं, नवऱ्याचा स्वभाव, घराचा इतिहास सांगू नका. ते दुसऱ्यांचं कुमसार झालं. तिथे बोललेलं फादर कुणालाही सांगू शकत नाहीत, तेव्हा आडपडदा नको. प्रॉटेस्टंट वाचकांनी हेच, याकोब ५:१६ प्रमाणे, आधी ठरवलेल्या विश्वासू माणसाजवळ बोलावं आणि त्याच्याकडून प्रार्थना करून घ्यावी.

आता संकल्प. तो लिहा, एका वाक्यात, आणि त्याला मुदत घाला. "यापुढे कधीच" असं लिहू नका, "ईस्टरपर्यंत" लिहा. पाचव्या पायरीतली कृती आतापर्यंत आठवडाभर झालेली असेल, तीच संकल्प म्हणून पुढे न्या. नवा काही शोधू नका.

*सावधान:* भावनेच्या भरात नवस बोलू नका. "हे जमलं तर जुन्या गोव्याला चालत येईन, नाही जमलं तर अमुक सोडेन" हा सौदा आहे. आणि खरोखर विचारपूर्वक देवाला वचन दिलं तर चर्चच्या दृष्टीने ते बांधून ठेवतं. फादरना विचारल्याशिवाय तसं वचन देऊ नये.

मध्येच कोरडं पडलं तर

साधारण मध्यावर हे होतंच. वही उघडावीशी वाटत नाही, प्रार्थना भिंतीवर आपटून परत येते, आणि हे सगळं थोतांड आहे असं वाटू लागतं. अशा वेळी इग्नेशियसचा नियम फार व्यवहारी आहे: कोरडेपणात आधीचा निर्णय बदलायचा नाही. मन स्थिर असताना जे ठरवलं तेच चालू ठेवायचं. पंधराची सोळा मिनिटं बसलात तर उत्तम, पण चौदाव्या मिनिटाला उठू नका. मोठे निर्णयही या दिवसांत नकोत. राजीनामा, घरविक्री, नातं तोडणं, पासपोर्टचा अर्ज, सगळं पुढे ढकला.

एखाद्या दिवशी संकल्प मोडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करू नका. मोडला असं एका ओळीत लिहा, "नंतर काय" भरा आणि ठरलेलंच करा. ही भरपाईची सवय लोकांना आठवड्याभरात थकवते.

ईस्टरनंतर काय बघायचं

ईस्टरच्या आठवड्यात वही एकदा पहिल्यापासून वाचा. ओढ संपली का, हा प्रश्न विचारू नका. गलतीकरांस ५:२२-२३ मधली फळं घ्या आणि तुमच्या त्या एका ओढीपुरती तपासा. त्या विषयावरून घरात आवाज चढणं कमी झालं का? नकार ऐकून घेता येतो का? जाऊबाईंचा फोन आला तर त्यांची चौकशी मनापासून होते का? स्वतःच्या उत्तरावर फार विसंबू नका. घरातल्या एका माणसाला विचारा, मुलांना विचारलं तर उत्तमच. मुलं खोटं बोलून खूश करत नाहीत.

काही जणांना दिसेल की वरची इच्छा आपोआप विरली. काहींना दिसेल की ती अजून आहे, पण तिचा डंख गेलाय. तसं असेल तर आता ती इच्छा शांतपणे तपासायला हरकत नाही. नवराबायकोने बसून, खर्चाचा हिशेब मांडून, पासपोर्टचं हवं की नको ते ठरवावं. परदेशी जाण्यात पाप नाही. आधी ज्या कारणासाठी जायचं होतं त्या कारणाने गेलं असतं, तर स्विंडनमध्येही तीच भूक सोबत गेली असती.

काहीच फरक दिसला नाही, तर बहुधा तिसरी पायरी अर्धवट राहिली आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका. तेवढी एकच पायरी सिस्टर, फादर किंवा पाळक यांच्याबरोबर बसून करा.

दुसरी ओढ लगेच हातात घेऊ नका. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंतचे ५० दिवस सणाचे आहेत. तेवढे दिवस रोजच्या तपासणीतले फक्त आभार चालू ठेवा, वही बंद. पेंटेकॉस्टनंतर नवी वही घ्या आणि पहिल्या आठवड्यात पुन्हा काहीही न सुधारता नुसतं बघा.